सोडत की स्पर्धा? ‘प्रवेश मोफत’चा कायदेशीर अर्थ

दिवाळीच्या तोंडावर दुकानांत दोन तऱ्हेचे फलक लागतात. ‘500 रुपयांच्या खरेदीवर एक कूपन, स्कूटर जिंका’ आणि ‘घोषवाक्य लिहा, स्कूटर जिंका’. बक्षीस तेच, पण कायद्याच्या नजरेत पहिली सोडत आणि दुसरी स्पर्धा.

बक्षीस, नशीब आणि भाग घेण्यासाठी मोजलेले पैसे हे तिन्ही जमले की सोडतीची लॉटरी होते. परवानगीशिवाय लॉटरीचं कार्यालय चालवलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 297 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. तिची नुसती जाहिरात छापली तरी 5,000 रुपयांपर्यंत दंड. म्हणून सोडतवाला पैसे वगळतो, तर स्पर्धावाला नशीब.

नशीब वगळणं वाटतं तितकं सोपं नाही. ‘महाराष्ट्राची राजधानी कोणती?’ असं विचारून बरोबर उत्तरांतून चिठ्ठी काढली, तर ती सोडतच. प्रश्न केवळ शोभेचा. चमारबागवाला खटल्यात (1957) सर्वोच्च न्यायालयाने कौशल्य हा निकष मानला. तेव्हा घोषवाक्याचे गुण कशावर देणार ते आधी लिहून ठेवा, आणि बरोबरी झाली तर चिठ्ठी न टाकता परीक्षकांकडून पुन्हा तपासून घ्या.

पैशांचा प्रश्न जास्त गुंतागुंतीचा. हॉर्लिक्सच्या काही बाटल्यांत बक्षिसाच्या चिठ्ठ्या होत्या. भाग घेण्याची वेगळी किंमत घेतली नव्हती आणि सोडतही काढली नव्हती, म्हणून 1998 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती लॉटरी मानली नाही. तेव्हा योजनेच्या काळात भाव वाढवू नका, आणि तो वाढवला नाही हे दाखवायला आधीची बिलं जपून ठेवा. 2007 च्या ‘कौन बनेगा करोडपती’तल्या प्रेक्षक स्पर्धेत एका एसएमएसला 2.40 रुपये पडत. बक्षीस त्यातूनच दिलं असं धरून राष्ट्रीय ग्राहक आयोगाने एक कोटीची दंडात्मक भरपाई ठोठावली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुराव्याअभावी ती रद्द केली.

खरेदी न करणाऱ्यालाही वाट ठेवायची तर साध्या पोस्टकार्डावरची प्रवेशिका त्याच पेटीत, त्याच मुदतीत स्वीकारा. ती वेगळ्या डब्यात साठवली आणि सोडतीच्या वेळी विसरली गेली, तर मोफत वाट कागदावरच राहते.

आणि मोफत ठेवलं की सुटलो, हेही खरं नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधली अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या (कलम 2(47)) विक्री वाढवण्यासाठीच्या सोडतीलाच नव्हे, कौशल्याच्या खेळालाही हात घालते, आणि अंतिम निकाल दडवणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. जाहिरात ज्या वर्तमानपत्रात दिली, त्यातच निकाल ठळक छापलेला बरा. अटींत दिसणारं ‘तामिळनाडू वगळून’ हे तिथल्या 1979 च्या बक्षीस योजना बंदी कायद्यामुळे.

सोडतीतलं बक्षीस 10,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर 30 टक्के कर आधी कापावा लागतो. स्कूटरमधून तो कापता येत नाही, म्हणून कर भरल्याची खात्री झाल्याशिवाय किल्ली देऊ नये. तो विजेता भरणार की दुकानदार, हे फलकावरच लिहा.