दगडांची गोधडी पांघरलेली हिमनदी

गोमुखला, म्हणजे गंगोत्री हिमनदी जिथे संपते तिथे, पोचल्यावर पुष्कळांचा हिरमोड होतो. शुभ्र बर्फाऐवजी समोर दिसतो करड्या दगडमातीचा ढिगारा. गंगोत्री हिमनदीचा खालचा भाग असाच झाकलेला आहे. त्यावरून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: बर्फाची लादी भुशात टिकते, तशी दगडांखालची हिमनदीही सुरक्षित राहते.

हे अर्धंच खरं. सगळं थराच्या जाडीवर आहे. धूळ किंवा बारीक खडे यांचा जेमतेम सेंटिमीटरभर थर असेल, तर तो ऊन शोषतो आणि उष्णता लगेच खाली पोचवतो. तिथला बर्फ उघड्या बर्फापेक्षाही लवकर वितळतो. थर पुरेसा जाड झाला, की मात्र दिवसाची उष्णता तळापर्यंत जातच नाही. नॉर्वेचे हिमनदी-अभ्यासक गुन्नार ओस्ट्रेम यांनी १९५९ मध्येच हे मोजून मांडलं होतं.

मग जाड थराखालच्या हिमनद्या तरी शाबूत? गंमत इथेच आहे. उपग्रहांच्या मोजणीत हिमालयातल्या अशा अनेक हिमनद्या उघड्या हिमनद्यांइतक्याच वेगाने पातळ होताना दिसल्या. त्यांच्या पाठीवर तळी साचतात, बर्फाचे उघडे कडे तयार होतात आणि तिथे बर्फ झपाट्याने जातो. शिवाय वरून येणारा बर्फाचा ओघही मंदावलेला असतो. त्यामुळे हिमनदीचं मुख, म्हणजे खालचं टोक, जागचं फारसं हललं नाही म्हणून हिमनदी ठणठणीत समजू नका. ती जाडीने रोडावत असते. गोमुख तर मागे सरकतंच आहे.