सोशल कॉमर्स

समाजमाध्यमाच्या ॲपमध्येच माल दाखवणे, गिऱ्हाइकाशी बोलणे, ऑर्डर घेणे आणि जमेल तिथे पैसेही घेणे, या विक्रीपद्धतीला सोशल कॉमर्स म्हणतात. फ्लिपकार्टवर माणूस वस्तू शोधायला जातो. इथे तो रील्स बघत असतो आणि साडी आपणहून समोर येते.

विक्रेता आधी कॅटलॉग चढवतो, म्हणजे फोटो, किमती आणि साठा. मग पोस्टमधल्या किंवा व्हिडिओमधल्या वस्तूला टॅग लावतो. टॅगवर बोट टेकवले की किंमत दिसते. पुढे दोन वाटा फुटतात. एक विक्रेत्याच्या वेबसाइटवर जाते, दुसरी ॲपमधल्याच चेकआउटकडे, म्हणजे पैसे भरायच्या पानाकडे. चेकआउटमध्ये पत्ता आणि कार्ड आधीच साठवलेले असल्याने खरेदी झटपट उरकते.

या दुसऱ्या वाटेचा मोठा गाजावाजा झाला. इन्स्टाग्रामने मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत निवडक ब्रँडसाठी चेकआउट सुरू केले. टाळेबंदीच्या काळात, मे २०२० मध्ये, फेसबुक शॉप्स आले. पण लोक बघत राहिले आणि खरेदी दुसरीकडे करत राहिले. २०२३ मध्ये इन्स्टाग्रामच्या खालच्या पट्टीतले शॉपचे बटण काढले गेले, लाइव्ह विक्रीही बंद झाली. २०२५ मध्ये फेसबुक आणि इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने अमेरिकेतल्या दुकानांचे चेकआउट पुन्हा विक्रेत्यांच्या वेबसाइटकडे वळवायला घेतले. ब्रँडनाही आपले गिऱ्हाईक दुसऱ्याच्या गल्ल्यावर सोडायची फारशी हौस नसावी.

चीनमध्ये मात्र ही पद्धत रुजली. ताओबाओ या ऑनलाइन बाजारपेठेचे ताओबाओ लाइव्ह २०१६ मध्ये सुरू झाले, आणि वीचॅट या ॲपमध्ये गप्पा, दुकान व पैसे एकाच ठिकाणी होते. टिकटॉक शॉपने आग्नेय आशियात जम बसवला. इंडोनेशियाने सप्टेंबर २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या थेट विक्रीला मनाई केली, तेव्हा कंपनीने तोकोपीडिया या स्थानिक बाजारपेठेचा ७५ टक्के हिस्सा घेऊन डिसेंबरमध्ये दुकान पुन्हा उघडले. भारतात जून २०२० मध्येच टिकटॉकवर बंदी आल्याने तो अध्याय इथे घडलाच नाही.

भारतातला खरा व्यवहार व्हॉट्सॲपवर होतो. व्हॉट्सॲप बिझनेस २०१८ मध्ये आले, कॅटलॉग २०१९ मध्ये आणि कार्ट २०२० मध्ये. ही कार्ट म्हणजे वस्तूंची यादी असलेला एक संदेश असतो, पैशांचे पुढे बोलून ठरते. ऑगस्ट २०२२ मध्ये जिओमार्टने व्हॉट्सॲपमध्येच शोधण्यापासून पैसे देण्यापर्यंतची सगळी खरेदी शक्य केली. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने सुरुवातीला घरबसल्या विकणाऱ्या बायकांवर भर दिला. वस्तूचे फोटो ओळखीच्या ग्रुपवर टाकायचे, किमतीत आपले मार्जिन मिळवायचे आणि पाठवणी कंपनीवर सोपवायची. पुढे मीशो थेट ग्राहकांना विकू लागली.

महाराष्ट्रातही याचे रूप असेच घरगुती आहे. फेसबुक लाइव्हवर साडीचा पदर उलगडून नंबर सांगितला जातो, आणि जी आधी स्क्रीनशॉट पाठवेल तिची साडी. मोसमात हापूसच्या पेट्या आणि दिवाळीआधी फराळ व्हॉट्सॲप स्टेटसवरच विकला जातो. किंमत विचारली की मिळणारे ‘प्राईस इनबॉक्स’ हे उत्तर अनेकांना खटकते, पण घासाघीस तिथेच होते, आणि चेकआउटच्या बटणाला ती जमत नाही. पैसे यूपीआयने येतात, पार्सल कुरिअरने जाते.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मध्ये आले. हौसेने एखादी वस्तू विकणारा त्यातून वगळलेला आहे. दर आठवड्याला लाइव्ह करणाऱ्याला ती पळवाट नाही. घरून फराळ विकायलाही एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. फसवणूक दोन्ही बाजूंनी होते. पैसे घेऊन नंबर ब्लॉक करणारे विक्रेते आहेत, तसे पैसे भरल्याचा बनावट स्क्रीनशॉट पाठवणारे गिऱ्हाईकही. म्हणून जाणते विक्रेते स्क्रीनशॉट न बघता बँकेचे खाते बघतात. ग्राहक तक्रारीसाठी १९१५ आणि ऑनलाइन आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हे राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहेत.