'देव करतो ते बऱ्यासाठीच' आणि रोमकरांस 8:28, हे दोन्ही एक नाहीये

कोणाची नोकरी गेली, लग्न मोडलं, घरातलं माणूस गेलं की चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी हमखास येऊन म्हणतं, देव करतो ते बऱ्यासाठीच, आणि लगेच रोमकरांस 8:28 पुढे करतं, म्हणजे बायबलमधल्या पौलाच्या पत्रातलं ते वचन, की देवावर प्रीती करणाऱ्यांना सगळ्या गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. समोरचा मान हलवतो, आत काहीतरी खटकत असतं पण वचनच काढलंय म्हटल्यावर बोलणार काय. माझ्या मते खटकतं ते बरोबरच खटकतं, कारण वचन एक सांगतंय आणि आपण त्याच्या नावावर भलतंच खपवतोय.

पहिलं म्हणणं असं की घडलं ते मुळात चांगलंच होतं, तुला अजून दिसत नाहीये एवढंच. दुसरं म्हणणं, जे पौलाचं आहे, ते असं की घडलं ते वाईटच, पण देव तिथे अडकून पडत नाही, तेसुद्धा हाताशी घेऊन कल्याण घडवतो. वरवर सारखंच वाटतं, पण पहिल्यात वाईटाला चांगलं म्हणावं लागतं आणि दुसऱ्यात तशी जबरदस्ती नाही.

तो अध्याय जरा मागेपुढे वाचा ना. 22 व्या ओवीत सगळी सृष्टी प्रसूतीच्या कळा सोसल्यासारखी कण्हतेय, 35 व्या ओवीत संकट, छळ, उपासमार, तलवार अशी यादीच आहे, आणि त्यातल्या एकाही गोष्टीला पौल चांगलं म्हणत नाही. कल्याण म्हणजे काय हेही त्याने पुढच्याच ओवीत सांगून टाकलंय, देवाच्या पुत्रासारखं होणं. म्हणजे ही नोकरी गेली तर याहून मोठ्या पगाराची मिळेल असं आश्वासन तिथे नाहीये, ते आपणच घुसडलंय.

उत्पत्तीच्या पुस्तकातल्या योसेफाची गोष्ट तर दोन्हीकडचे लोक वापरतात, म्हणून तिथे थोडं थांबू. 17 वर्षांचा पोरगा, सावत्र भावांनी खड्ड्यात टाकला, मग 20 चांदीच्या नाण्यांना विकला, पुढे खोट्या आरोपात तुरुंग, आणि मिसरचा राजा फारो याच्यासमोर उभा राहतो तेव्हा वय 30. शेवटी बाप वारल्यावर भाऊ घाबरतात, आता हा सूड घेणार म्हणून निरोप पाठवतात, आणि तो निरोप ऐकून योसेफ रडतो. मग ते प्रसिद्ध वाक्य येतं, उत्पत्ती 50:20, की तुम्ही माझं वाईट योजलंत पण देवाने त्यातून चांगलं योजलं. साक्ष देताना लोक दुसरा अर्धा भाग घेतात आणि पहिला गाळतात! पण योसेफ भावांना असं म्हणत नाही की अरे तुम्ही काही वाईट केलंच नव्हतं, तो माफ करतो, पण केलेलं वाईटच होतं असं म्हणून माफ करतो.

आणि हा फरक फक्त पुस्तकी नाहीये. बायकोला मारणारा नवरा असेल आणि तिला कोणी सांगितलं की हेही देवाच्या योजनेत आहे, चांगल्यासाठीच आहे, तर पहिल्या म्हणण्याप्रमाणे तिने तक्रार करायचं कारणच उरत नाही. दुसऱ्याप्रमाणे मारणं हे पाप आहे, तिने तिथून निघावं, मदत घ्यावी, आणि देव तिचं पुढचं आयुष्य उभं करू शकतो हेही खरं.

मृत्यूचंही तसंच. मेलेल्या लाजराला उठवायचंय हे येशूला माहीत होतं, लाजराच्या बहिणी मरीया-मार्था यांना चांगली बातमी लगेच मिळणार होती, तरी तो रडला. शेवट गोड आहे हे माहीत असूनही रडण्यात अविश्वास नसतो तर आपल्या घरात कोणी डोळे पुसले की "विश्वास ठेव, रडू नको" हे कुठून येतं कोण जाणे. मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाला शेवटी मेंढरं दुप्पट मिळाली, 14,000, उंट 6,000, मुलंही परत दहा झाली, पण आधीची दहा गेली ती गेलीच, नवी मुलं म्हणजे जुन्यांची भरपाई असं तिथे कुठेही लिहिलेलं नाही.

अपयशाबद्दल, आणि तेही आपल्याच चुकीने आलेल्या, येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे बघा. येशूला पकडून नेल्यावर कोळशांच्या विस्तवाजवळ शेकत उभा राहून तीनदा म्हणाला मी त्याला ओळखत नाही. पुनरुत्थानानंतर किनाऱ्यावर परत कोळशांचा विस्तव, आणि येशू तीनदाच विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस का. पेत्र दुःखी झाला असं योहान स्पष्ट लिहितो. म्हणजे जखमेवर हात ठेवला गेला, बरं झालं तू नाकारलंस असं काही म्हटलं गेलं नाही, पण आपली मेंढरं, म्हणजे आपले लोक, येशूने त्याच्याच हाती दिले. पाप केल्याने कृपा वाढते तर करतच राहू का, हा प्रश्न पौलाने स्वतःच रोमकरांस 6 मध्ये घेतलाय आणि मुळीच नाही म्हणून उडवलाय, तेव्हा पडलो ते बरंच झालं म्हणणाऱ्यांनी तो अध्याय एकदा बघावा.

कोणी विचारेल, मग हे घडलंच का, कारण काय. शिलोहातला बुरूज पडून 18 माणसं मेली तो विषय निघाला तेव्हा येशूने एवढंच सांगितलं की ते इतरांपेक्षा जास्त पापी होते असं समजू नका, आणि ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाकडे वळवलं, तेच का मेले ते सांगितलंच नाही. आपण मात्र फ्युनरलच्या दाराशीच कारण सांगून मोकळे होतो.

साधी खूण सांगायची तर बघा, बोलतंय कोण. योसेफ स्वतःबद्दल बोलत होता, आणि तेही वर्षं उलटून गेल्यावर. ईयोबाचे मित्र दुसऱ्याबद्दल बोलत होते, तेही त्याच्या अंगावर फोड असताना. आधी सात दिवस जमिनीवर गप्प बसले ते ठीक होतं, तोंड उघडल्यावर घोळ झाला, आणि ईयोब 42:7 मध्ये देवाचा राग ईयोबावर नाही, त्या मित्रांवर आहे.