कोवळ्या पानांचा हंगाम

मुलुंडला आमच्या इमारतीच्या मागे दोन खोल्यांएवढं अंगण आहे. फुलपाखरं यावीत म्हणून तिथे एक्झोरा, जास्वंद, पेंटास अशी फुलझाडं लावली. फुलपाखरं यायची, मध प्यायची आणि भिंतीवरून निघून जायची. ती मुक्कामाला राहिली कढीपत्त्याचं रोप कमरेएवढं झालं तेव्हा.

मध फुलपाखराला बऱ्याच फुलांचा चालतो, अंडी घालायला मात्र ठरावीक झाडच लागतं. कॉमन मॉर्मन हे काळं फुलपाखरू मुंबईत सर्रास दिसतं. त्याला कढीपत्ता, लिंबू, बेल अशी एकाच कुळातली झाडं लागतात. २०१५ साली महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मनही याच कुळावर वाढतं. जुलैतल्या उघडिपीला कढीपत्त्यापाशी पाच मिनिटं उभं राहा. मादी पानापानावर टेकते, पुढच्या पायांनी पान चाचपते. तिच्या पायांवर चव कळणारे बारीक केस असतात, त्यांनी ती पानातली रसायनं ओळखते. खूण पटली की पोट वाकवून फिकट पिवळं, मोहरीएवढं अंडं चिकटवते आणि उडते. चारेक दिवसांत अळी बाहेर येते, आधी बहुधा अंड्याचं कवचच खाते. लहानपणी ती हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. शेवटच्या कातीनंतर मात्र हिरवीगार. तिला हलकेच डिवचलं तर डोक्यामागून दुभागलेलं लालसर शिंग निघतं आणि उग्र वास येतो. मुंग्या आणि इतर शत्रू दूर राहावेत म्हणून ही सोय.

या माद्या बहुधा शेंड्याची कोवळी पानं निवडतात. जून पान चिवट असतं, त्यात पाणी आणि नायट्रोजन कमी. नुकत्याच जन्मलेल्या अळीच्या जबड्याला ते झेपत नाही. मुंबईत पावसासोबत झाडांना पालवीचा बहर येतो, म्हणून त्यामागोमाग, श्रावणापासून दिवाळीपर्यंत, फुलपाखरंही वाढतात. मला तर लहान रोप मोठ्या झाडाइतकंच मोलाचं वाटतं. त्याची पालवी आपल्या डोळ्यांसमोर असते, अंड्यापासून कोषापर्यंत सगळं मान न दुखवता पाहता येतं.

बहावा जरूर लावा. बियांचं कवच फार टणक असतं, नुसत्या पेरल्या तर कित्येक महिने रुजत नाहीत. एका बाजूने पॉलिश पेपरवर घासून रात्रभर पाण्यात ठेवा, बी टम्म फुगली की पेरा. इमारतींच्या आवारात बहुतेक डेब्रिजची भरणी असते, तेव्हा खड्डा हातभर खोल खणून विटा-सिमेंट काढा, चांगली माती भरा. पेव्हर ब्लॉक बुंध्याला भिडू देऊ नका.

बहाव्यावर येतं कॉमन एमिग्रंट, फिकट पिवळसर. त्याची पांढरी, निमुळती अंडी पानावर उभी असतात. हिरवी अळी मधल्या शिरेवर अशी लांबट पडून राहते, की पान खाल्लेलं दिसतं, खाणारी दिसत नाही. पहिल्या वर्षी तिने माझं रोप पार ओकंबोकं केलं. मन फार हळहळलं, पण फवारणी केली नाही. तीन आठवड्यांत पुन्हा पालवी फुटली. रोप अगदीच चार-पाच पानांचं असेल तर मच्छरदाणीचा तुकडा बांधा, एरवी अळ्यांना खाऊ द्या. त्यांची लेंडी बुंध्याशीच पडते आणि मातीत मिसळते.

भिंतीकडेचं गवतही थोडं राहू द्या, कॉमन ईव्हनिंग ब्राउन या फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात. पावसाळी पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे ठळक ठिपके असतात, शत्रूची चोच शरीराऐवजी तिकडे वळावी म्हणून. कोरड्या ऋतूतल्या पिढीत ते ठिपके जवळजवळ पुसले जातात, पंख वाळक्या पानाच्या रंगाचे होतात. डिसेंबरात अंगण झाडताना ती पाचोळ्यातच बसलेली असतात, आणि खराटा अगदी जवळ येईपर्यंत हलत नाहीत.