खोल दंतक्षय : उपचार आणि विद्यार्थ्यांचे प्रशिक्षण

कीड डेंटिनच्या (दाताच्या वरच्या कठीण कवचाखालच्या थराच्या) आतल्या चतुर्थांशात शिरली आहे, पण ती आणि दंतमज्जा यांच्यामध्ये टणक डेंटिनचा पट्टा क्ष-किरणचित्रात अजून दिसतो, अशा अवस्थेला खोल दंतक्षय म्हणतात. दंतमज्जा म्हणजे दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ भाग; तिलाच डॉक्टर आणि विद्यार्थी ‘पल्प’ म्हणतात. तो पट्टाही उरला नसेल तर क्षय अतिखोल. हा भेद युरोपियन सोसायटी ऑफ एंडोडोंटॉलॉजी या पल्पवरील उपचारांच्या तज्ज्ञसंस्थेने २०१९ मध्ये मांडला.

मुंबईत महापालिकेचे नायर रुग्णालय दंत महाविद्यालय (स्थापना १९३३) आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालय या सार्वजनिक संस्थांत, तसेच खासगी महाविद्यालयांत हे उपचार शिकवले जातात. विद्यार्थी आधी फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या कृत्रिम डोक्यावर, हात बसवतात. तिथे खड्डा मिलिमीटरमध्ये मोजून कोरायचा असतो, कारण दात निरोगी किंवा प्लास्टिकचा असतो. मऊ, ओले, कातड्यासारखे डेंटिन हाताला कसे लागते हे मात्र रुग्णाच्या दाढेतच कळते. बहुतेक चुकांचे मूळ इथे आहे.

कोरण्याआधी पल्पची अवस्था ठरवावी लागते. थंड फवारा मारलेला कापसाचा बोळा आधी निरोगी दाताला लावतात, मग संशयित दाताला. सणक येऊन बोळा काढताच काही सेकंदांत गेली तर पल्पचा दाह परतण्याजोगा, म्हणजे बरा होण्याजोगा, मानतात. कळ रेंगाळत असेल, आपोआप ठणका लागत असेल किंवा रात्री झोपमोड होत असेल, तर नुसते भरण पुरत नाही. रुग्ण घरून वेदनाशामक घेऊन आला असेल तर ही चाचणी फसवते. म्हणून केस पेपरवर शेवटच्या गोळीची वेळ लिहावीच. क्ष-किरणचित्रातही कीड प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते.

भूल देऊन रबर डॅम (दात थुंकीपासून वेगळा ठेवणारा रबरी पडदा) लावल्यावर एअरोटरने, म्हणजे अतिवेगवान ड्रिलने, फक्त इनॅमल (दाताचे वरचे कवच) उघडतात. पुढचे काम मंदगती हँडपीसवरच्या मोठ्या गोल बरने (ड्रिलच्या टोकाने) आणि धारदार स्पून एक्स्कॅव्हेटरने (चमच्यासारख्या हातहत्याराने) होते. छोटा बर पल्पवरच्या पातळ थरात चटकन घुसतो. आधी कडेच्या भिंती टणक होईपर्यंत, म्हणजे खरवडल्यावर खरखर ऐकू येईपर्यंत, साफ कराव्यात. तळाला सगळ्यात शेवटी हात लावावा. तिथे ढेकळासारखे निघणारे काढावे. पल्पजवळ मऊ किंवा कातड्यासारखे उरलेले तसेच ठेवावे. यालाच निवडक उत्खनन म्हणतात. २०१६ पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांची शिफारस हीच आहे.

इथेच विद्यार्थी अडखळतात. ‘कीड राहिली तर वाढेल’ ही समजूत पक्की असते, तळ गडद दिसतो, आणि परीक्षकाचे प्रोब (तपासणीची टोकदार सळई) तिथे रुतेल ही भीती असते. रंग हा निकष नव्हे. थांबलेली कीड काळी पण टणक असते. क्षय दाखवणारा रंगद्रव पल्पजवळच्या निरोगी डेंटिनलाही रंगवतो, त्यामुळे तो वापरून जास्तच कोरले जाते. भरण कडेने घट्ट बसले तर आत उरलेल्या जीवाणूंचे पोषण तुटते. म्हणूनच कडा स्वच्छ ठेवण्यावर एवढा भर. तळावर बायोडेंटिन (सुमारे १२ मिनिटांत घट्ट होते) किंवा ग्लास आयोनोमर ही सिमेंटे आणि वर कंपोझिट (दाताच्या रंगाचे भरण) घालतात. कॅल्शियम हायड्रॉक्साइड स्वस्त आहे, पण कमकुवत असून काळाने विरघळते.

तात्पुरते भरण घालून ६ ते १२ महिन्यांनी दात पुन्हा उघडण्याची आणि उरलेली कीड काढण्याची दोन टप्प्यांची पद्धतही शिकवतात. विरार-कल्याणहून रोजगार बुडवून येणारा रुग्ण दुसऱ्यांदा येईलच असे नाही, आणि तोवर तात्पुरते भरण गळू लागते. अशा रुग्णासाठी एकाच भेटीतले कायमचे भरण अधिक सुरक्षित.

कोरताना पल्प उघडाच पडला तर सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचा बोळा दाबून धरावा. ५ ते १० मिनिटांत रक्त थांबले तर एमटीए (पल्प झाकण्याचे सिमेंट) किंवा बायोडेंटिन घालून त्याच भेटीत दात बंद करता येतो. रक्त थांबले नाही तर पल्पचा वरचा भाग काढण्याचा, म्हणजे पल्पोटॉमीचा, विचार करावा. लगेच रूट कॅनालकडे वळण्याची घाई नको. ६ आणि १२ महिन्यांनी थंड चाचणी करतात, आणि मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसतो का हे क्ष-किरणचित्रात पाहतात.