पोथ्यांमधला फरक कॉम्प्युटरला कसा शिकवायचा?

गीतेचा पहिला श्लोक आपल्यातल्या बऱ्याच जणांना पाठ असतो, त्यातली दुसरी ओळ घ्या, 'मामकाः पाण्डवाश्चैव किमकुर्वत संजय'. आता समजा एका पोथीत 'पाण्डवाः' लिहिलंय आणि दुसरीत 'पांडवाः', एकीत 'सञ्जय' तर दुसरीत 'संजय'. आपण म्हणू की हे एकच आहे. कॉम्प्युटर तसं म्हणत नाही, त्याच्यासाठी अर्ध्या णचे कोड वेगळे आणि अनुस्वाराचा कोड वेगळा, म्हणून तो एका ओळीत दोन पाठभेद, म्हणजे पोथ्यांतल्या मजकुरातले फरक, सापडले असं सांगून मोकळा होतो.

मी सध्या संस्कृतच्या अभ्यासक असलेल्या एका मैत्रिणीसाठी पोथ्या एकमेकींशी ताडून बघणारा छोटासा प्रोग्राम लिहितोय, आणि पहिल्याच रनमध्ये असल्या फरकांचा इतका ढीग निघाला की खरे पाठभेद त्यात दिसेनात.

हे काम पुण्यात हाताने झालेलं आहे आणि ते किती प्रचंड होतं हे कोड लिहायला बसल्यावर मला खरं कळलं. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवलेल्या आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू केलं आणि ते 1966 मध्ये पूर्ण झालं, 1259 हस्तलिखितं त्यासाठी तपासली गेली. पद्धत अशी, की चौकटी आखलेल्या कागदावर वर श्लोक एकेक अक्षर सुटं करून लिहायचा, खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि जिथे फरक असेल तेवढंच त्या घरात भरायचं. दाक्षिणात्य लिप्यांमधल्या पोथ्या तंजावरला ताडल्या जात, बंगाली लिपीतल्या शांतिनिकेतनला.

कॉम्प्युटरमध्येही असाच तक्ता करायचा असतो, फक्त घरं जुळवणं अवघड जातं. महाभारताच्या सुरुवातीचा श्लोक बघा, 'देवीं सरस्वतीं चैव ततो जयमुदीरयेत्', काही पोथ्यांत 'चैव'च्या जागी 'व्यासं' आहे. हा खरा पाठभेद, कारण व्यासांना वंदन आहे की नाही हेच त्याने बदलतं. इथे जागा तरी तीच आहे, पण एखाद्या लेखनिकाकडून तो शब्दच गळला तर पुढचं सगळं मागे सरकतं आणि 'चैव'समोर 'ततो' येऊन बसतं, मग तिथून पुढे ओळभर फरकच फरक. यावरचा उपाय जीवशास्त्रातून आलाय. 1970 मध्ये नीडलमन आणि वुन्श यांनी प्रोटीनच्या साखळ्या जुळवण्यासाठी एक रीत शोधली, जुळलं की गुण द्यायचे, नाही जुळलं किंवा मध्ये रिकामी जागा सोडावी लागली की कापायचे, आणि सगळ्यात जास्त गुणांची मांडणी निवडायची. ती रीत पोथ्यांनाही चालते.

2009 मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्गमध्ये अशी टूल्स लिहिणारे लोक एकत्र बसले आणि त्यांनी या कामाचे टप्पे वेगळे केले: आधी मजकुराचे तुकडे करा, मग लेखनातले किरकोळ फरक सारखे करा, मग जुळवा, मग तपासा आणि शेवटी दाखवा. हे वाचायला सोपं वाटतं पण संस्कृतमध्ये पहिल्याच पायरीवर अडायला होतं. 'पाण्डवाश्चैव' म्हणजे पाण्डवाः, च, एव असे तीन शब्द, आणि जुन्या पोथ्यांत शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धतच नाही, तर तुकडे करायचे कुठे? संधी सोडवणारी सॉफ्टवेअर आहेत, फ्रान्सच्या जेरार ह्यूए यांनी त्यावर फार सुंदर काम केलंय, पण पोथीतल्या चुकीच्या किंवा अर्धवट शब्दांपुढे तीही अडखळतात. शेवटी आम्ही शब्द सोडून अक्षर हाच तुकडा धरला, म्हणजे भांडारकरच्या कागदावरच्या घरांपाशीच परत आलो.

पुढची पायरी म्हणजे पोथ्यांची वंशावळ, कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरवली याचं झाड. 1998 मध्ये चॉसरच्या इंग्रजी काव्याच्या जुन्या प्रतींवर उत्क्रांतीच्या अभ्यासातलं सॉफ्टवेअर वापरून कोणती प्रत कोणाच्या जवळची हे काढलं गेलं आणि ते 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात छापून आलं. महाभारताचं मात्र एवढं सरळ नाही. आवृत्तीचे प्रमुख संपादक वि. स. सुकथनकर यांनी दाखवून दिलं होतं की लेखनिक बऱ्याचदा एकाहून जास्त पोथ्या समोर ठेवून लिहायचे, म्हणजे एका पोथीला दोन-तीन आया. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा जुळत नाहीत, इथे तर त्या सारख्या जुळतात, त्यामुळे सॉफ्टवेअरने काढून दिलेलं नीटनेटकं झाड बघून मला आता आनंद होण्याऐवजी शंका येते.

आमचा सध्याचा प्रश्न ब आणि व चा आहे. बंगाली लिपीत दोन्ही एकाच अक्षराने लिहितात, तेव्हा तिथे 'बल' की 'वल' हा फरक धरायचाच नाही. मी लगेच सगळ्या पोथ्यांना तो नियम लावून टाकला होता, पण मैत्रिणीने थांबवलं, कारण जो लेखनिक ही दोन अक्षरं नीट वेगळी लिहितो त्याचा 'व' खरंच 'व' असू शकतो. म्हणून आता प्रत्येक पोथीची नियमांची वेगळी फाइल आहे, त्यात प्रत्येक नियमाशेजारी तिने लिहिलेलं कारण आहे, आणि मूळ उतरवलेल्या मजकुराला कोड हात लावत नाही.