हौशी गोल्फर आणि व्यावसायिक गोल्फर: साहेब कोण, नोकर कोण?

‘हौशी’ म्हटलं की आपल्याला राज्य नाट्य स्पर्धा आठवते. ऑफिस सुटल्यावर तालमी, पदरमोड आणि उत्साह भरपूर. ‘व्यावसायिक’ ही त्याच्या वरची पायरी. हा हिशेब डोक्यात ठेवून १९२०च्या दशकातल्या गोल्फकडे पाहिलंत तर फसाल. तिथे हौशी म्हणजे साहेब आणि व्यावसायिक म्हणजे क्लबचा पगारी माणूस.

या व्यावसायिकाचं रोजचं काम म्हणजे सभासदांना खेळ शिकवायचा, त्यांच्या स्टिक दुरुस्त करायच्या, चेंडूंचं दुकान सांभाळायचं. बहुतेकांची सुरुवात कॅडी म्हणून, दुसऱ्याची बॅग खांद्यावर वाहत झालेली. मैदानावर तो साहेबांना सहज हरवी, पण खेळ संपला की क्लबहाऊसचं दार त्याला बंद. ब्रिटिश ओपन या दोघांनाही खुल्या असलेल्या स्पर्धेच्या यादीत हौशी खेळाडूच्या नावाआधी ‘मिस्टर’ लागे, व्यावसायिकाचं नाव नुसतंच. इंग्लंडच्या क्रिकेटमधला ‘जंटलमेन’ (हौशी) आणि ‘प्लेयर्स’ (व्यावसायिक) हा भेद आठवतो ना? त्याचंच हे गोल्फमधलं भावंड.

या दारावर सगळ्यात मजेशीर धडक मारली वॉल्टर हेगनने. अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या लोहाराचा हा मुलगा, पूर्वाश्रमीचा कॅडी, आता व्यावसायिक. १९२० साली तो ब्रिटिश ओपनसाठी इंग्लंडमधल्या डील इथे गेला. क्लबहाऊसमध्ये कपडे बदलता येणार नाहीत म्हटल्यावर त्याने आलिशान मोटार भाड्याने घेतली, दारासमोर उभी केली आणि तिचीच खोली केली. स्पर्धेत मात्र तो ५३वा आला! त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अमेरिकेत टोलेडोच्या इन्व्हर्नेस क्लबने यू.एस. ओपनच्या वेळी व्यावसायिकांना क्लबहाऊस खुलं केलं. त्यांनी आभार म्हणून क्लबला एक उंच, उभं घड्याळ भेट दिलं. ब्रिटनचा ताठा मात्र कायम होता. १९२३ साली स्कॉटलंडमधल्या ट्रूनच्या ब्रिटिश ओपनमध्ये हेगन दुसरा आला, तेव्हा बक्षीस समारंभापुरतं त्याला आत बोलावलं. त्याने नकार दिला आणि प्रेक्षकांना सोबत घेऊन सरळ जवळचा पब गाठला.

दुसऱ्या बाजूला अटलांटाचा हौशी बॉबी जोन्स. वकिलाचा मुलगा, पुढे स्वतःही वकील. मधल्या काळात अभियांत्रिकी आणि हार्वर्डमध्ये इंग्रजी साहित्य. १९३० साली त्याने ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्हीकडच्या ओपन आणि अमॅच्युअर (फक्त हौशींसाठीच्या) अशा चारही स्पर्धा जिंकल्या. म्हणजे ‘हौशी’चा अर्थ कच्चा खेळाडू असा नक्कीच नव्हता. पण व्यावसायिक कमी होते असंही नाही: १९२६ साली फ्लोरिडात ७२ होल्सच्या, म्हणजे चार पूर्ण फेऱ्यांच्या, सामन्यात हेगनने याच जोन्सला पार धुऊन काढलं.

मग फरक कशाचा? पैशाचा, आणि तोही विचित्र पद्धतीने मोजलेला. हौशी खेळाडू ओपन जिंकला तरी त्याला रोख रक्कम नाही, फक्त मान. बोटीने अटलांटिक पार करायची, काम सोडून आठवडेच्या आठवडे खेळायचं आणि एक छदामही घ्यायचा नाही, हे ज्याच्या घरी चूल दुसऱ्या कशावर तरी पेटते त्यालाच परवडणार. गरीबाने हौशी राहायचं ठरवलं तर काय होतं, ते फ्रान्सिस विमेटला विचारावं. माळ्याचा मुलगा, स्वतः कॅडी, १९१३ साली विसाव्या वर्षी यू.एस. ओपनचा विजेता. पोटापाण्यासाठी त्याने भागीदारीत क्रीडासाहित्याचं दुकान काढलं आणि १९१६ साली अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने त्याचा हौशी दर्जा काढून घेतला. तो परत मिळाला १९१८ साली. माझ्या मते त्या नियमाची खरी ओळख इथेच पटते. जोन्स वर्तमानपत्रांत गोल्फवर सदर लिही, ते मात्र चालून गेलं. लेखणी सभ्य, गल्ला असभ्य!

१९३०च्या नोव्हेंबरात, २८व्या वर्षी, जोन्सने स्पर्धांचा निरोप घेतला आणि गोल्फ शिकवणाऱ्या चित्रपटांचा करार केला. त्यासरशी त्याचं हौशीपण संपलं. स्विंग तोच राहिला.